बापूसाहेबांची काळी गाडी

बॉनेटवर हात ठेवला तर ते गरम लागलं.

"सकाळी गाडी कुठं नेली होती का?" मी विचारलं.

"छे! जागची हललेली नाही," बापूसाहेब म्हणाले. "तू येणार म्हणून ड्रायव्हरनं जरा चालू करून ठेवली."

"मी फोनवर सांगितलं होतं, मी येईपर्यंत चालू करू नका म्हणून."

बापूसाहेब हसले. बंगल्याच्या पोर्चमध्ये वेताच्या खुर्चीवर ते बसले होते आणि आजूबाजूला त्यांची नेहमीची माणसं उभी होती. "सूनबाई, गाडी आहे ही. दूध नव्हे. तापली म्हणून नासत नाही."

माणसं हसली. माझे सासरे, म्हणजे मामा, तेही हसले, पण जरा उशिरा.

"नासत नाही, पण गार इंजिन कसं चालू होतंय ते मला बघायचंय," मी म्हटलं. "गरम इंजिन कुणाचंही चांगलंच वाजतं. मी थांबते गार होईपर्यंत."

मामांनी माझ्याकडे बघून डोळ्यांनीच 'नको' म्हटलं. मी पायरीवर बसले.

तेव्हा मी तिशीच्या आत होते. लग्नानंतर थोड्याच वर्षांत शीतल, माझा नवरा, काविळीनं गेला. मागं राहिली त्याची टूरिस्ट गाडी. ती विकून टाका, बाईमाणसाला काय करायचीय, असं आमच्या भावकीतलं प्रत्येक जण सांगून गेलं. एक दिवस मामांनी किल्ली आणून माझ्या पुढ्यात ठेवली. "चालवायला येतीया न्हवं तुला? मग चालव," एवढंच ते बोलले. सुरुवातीचे कितीतरी महिने ते माझ्या शेजारच्या सीटवर बसून यायचे, म्हणजे गावात कुणी तोंड उघडू नये. मिरजेच्या दवाखान्यात पेशंट सोडला की परतीचं भाडं मिळेपर्यंत आम्ही दोघं गाडीतच भाकरी खायचो. माझ्या वडिलांनी माझ्यावर टाकला नव्हता एवढा विश्वास त्या माणसानं टाकला होता. म्हणून त्यांचा शब्द मी कधी मोडला नव्हता.

काळ्या गाडीचं कारण असं झालं. कोल्हापूरच्या एका फाउंड्रीत परदेशातले पाहुणे यायचे. त्यांना पुण्याच्या विमानतळावरून आणायचं, सोडायचं, असं वर्षाचं काम मला मिळण्यासारखं होतं. तिथल्या मॅनेजर बाई माझं ड्रायव्हिंग बघून खूश होत्या. फक्त म्हणाल्या, "त्रिशला, गाडी मोठी पाहिजे. पाहुण्यानं पाठ टेकली की त्याला झोप लागली पाहिजे. दसऱ्यापर्यंत आणलीस तर काम तुझं." तसली नवी गाडी घेणं मला सात जन्मांत जमलं नसतं. जुनी शोधायला लागले, तेवढ्यात मामा एका संध्याकाळी म्हणाले, "बापूसाहेब त्यांची काळी गाडी काढत्यात. आपल्याला परवडंल अशी देतो म्हणालेत. मी व्हय म्हणून आलोय."

बापूसाहेब म्हणजे आमच्या कुरणवाडीतलं मोठं प्रस्थ. वीटभट्ट्या, पेट्रोल पंप, ट्रक. पण गाव त्यांना मान द्यायचं ते त्यासाठी नव्हे. त्याच्या दोन पावसाळे आधी कृष्णेला महापूर आला, तेव्हा मी भाडं घेऊन पुण्यात होते आणि रस्ते बंद झाल्यामुळे तिकडंच अडकले. इकडं पाणी आमच्या माळवदापर्यंत चढलं. मामा आणि आत्ती, माझ्या सासूबाई, शेजारच्यांच्या गच्चीवर जाऊन बसले होते. सरकारी होड्या यायच्या आधी बापूसाहेबांची होडी आली. आत्तींचा गुडघा धड नाही, त्यांना होडीत उतरता येईना. तेव्हा बापूसाहेब स्वतः गच्चीवर चढले आणि त्यांना पाठीवर घेऊन उतरले. अशी कितीतरी माणसं त्यांनी बाहेर काढली. छातीएवढ्या पाण्यात तो माणूस दिवसच्या दिवस उभा होता. यातला एक शब्दही खोटा नाही. त्यांच्यापुढं मान वर करून बोलायची माझी कधी हिंमत झाली नव्हती, ती यामुळंच.

तरी मी पायरीवर बसून राहिले. गाडी चालवणार मी होते. मागच्या सीटवर कुणाची तरी माणसं झोपणार होती, माझ्या भरवशावर.

चहा आला, गेला. बापूसाहेबांनी दोन फोन केले. शेवटी मी उठून पुन्हा बॉनेटला हात लावला आणि ड्रायव्हरकडून किल्ली मागून घेतली.

इंजिन चालू झालं, पण एका दमात नाही. आधी घरघरलं, मग थरथरलं, मग कुठं लागलं. डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा पेटला आणि तसाच राहिला.

"हा दिवा कसला?"

"या गाड्यांचं असंच असतं," ड्रायव्हर म्हणाला. "जातो आपोआप."

तो गेला नाही. मी दार लावून घेतलं आणि आत नुसती बसले. आत अत्तराचा इतका वास कोंडला होता की डोळ्यांत पाणी आलं. एसी चालू केला, तेव्हा त्या अत्तराखालून दुसरा एक वास वर आला. ओल्या गोणपाटाचा असतो तसा. हा वास आमच्या भागातल्या कुणालाही सांगावा लागत नाही. पूर ओसरल्यावर कित्येक महिने आमच्या घरात, गाद्यांत, धान्याच्या कणगीत तो होता.

पण वासावरून कुणाला काही म्हणता येत नाही.

"बापूसाहेब," मी काच खाली करून विचारलं, "पुराच्या वेळी गाडी कुठं होती?"

"पुण्याला. लेकीकडं."

काच वर करायला बटण दाबलं, ती अर्ध्यात अडकली.

मी खाली उतरले. त्या वर्षी सांगलीच्या गॅरेजांबाहेर बुडालेल्या गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या. माझी गाडी पुण्यात असल्यामुळं वाचली होती, तरी सर्व्हिसिंगला गेले की मी त्या रांगा बघत उभी राहायचे. पाणी गाडीत कुठं शिरतं, माणसं पुसतात कुठं आणि पुसायचं विसरतात कुठं, हे मिस्त्रीलोक बोलायचे ते मी ऐकलं होतं. पायाखालचं कार्पेट कोरं होतं. एवढ्या वर्षांच्या गाडीत कोरं कार्पेट कशाला? ड्रायव्हरच्या सीटखाली हात घालून चाचपलं, तर सीटचे बोल्ट गंजून खडबडीत झालेले.

मग मी सीटबेल्ट ओढला. आपण लावतो तेवढा नाही. ओढत राहिले, शेवटपर्यंत, जो भाग एरवी कधीच बाहेर येत नाही तिथपर्यंत. तिथं पट्ट्यावर तपकिरी डाग होता. आडवा, सरळ, पाणी थांबल्यावर भिंतीवर रेघ उमटते तसा.

पोर्चमधली माणसं माना लांब करून बघत होती.

"सूनबाई, झालं का?" बापूसाहेब म्हणाले. आवाजात अजून हसू होतं, पण थोडंच.

"डिकी बघते."

"त्रिशला," मामा म्हणाले, "पुरे आता."

मी डिकी उघडली. गालिचा उचलला, खालची फळी काढली, स्टेपनी बाहेर घेतली. त्या खोलगट जागेत, जॅकच्या खाली, वाळलेल्या मातीचा थर होता. बोट फिरवलं तर पिठासारखी मऊ. वाटेवरची धूळ अशी नसते. ही कृष्णेच्या गाळाची माती होती. आमच्या स्वयंपाकघरातून मी ती पाट्या भरभरून काढली होती.

मी बोट वर करून दाखवलं. "बापूसाहेब, ही गाडी पाण्यात होती."

"पुण्यातबी पाऊस पडतो," कोणीतरी म्हणालं.

"पाऊस सीटबेल्टच्या आत शिरत नाही. काचेपर्यंत पाणी चढलं असणार. या गाड्यांचं सगळं डोकं सीटखाली असतं. ब्रेकचं, एअरबॅगचं. ते एकदा भिजलं की कधी दगा देईल सांगता येत नाही. आज काच अडकली, उद्या खंबाटकीच्या उतारावर ब्रेक अडकतील. मला ही गाडी नको."

बापूसाहेब उठले. अंगानं ते मोठे, आणि उठले की पोर्च लहान वाटायचा. ते माझ्याजवळ आले नाहीत. जागेवरूनच बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"तुझ्या सासूला काढायला मी होडी घेऊन गेलो, तेव्हा तुझ्या सासऱ्यानं होडी तपासली होती का? खाली वाकून बघितलं होतं, भोक आहे का म्हणून? मी म्हटलं चढा, ते चढले."

मी मामांकडं बघितलं. ते स्वतःच्या चपलांकडं बघत होते. आवाज फुटेल की नाही याची खात्री नव्हती, पण फुटला.

"होडी तुम्ही विकायला आणली नव्हती, बापूसाहेब. गाडी विकताय."

मी स्टेपनी उचलून जागेवर ठेवली, फळी लावली, गालिचा नीट पसरला, डिकी बंद केली. किल्ली ड्रायव्हरच्या हातात दिली. बापूसाहेबांना नमस्कार केला. तो त्यांनी घेतला नाही.

घरी येताना मामा माझ्या शेजारच्या सीटवर बसले होते, नेहमीसारखे. ओढ्याचा पूल मागं पडला. मग एकदम म्हणाले, "उद्या गाडी घ्यायची."

"मामा, तुम्ही बघितलीत ना ती माती?"

"माती कुठंबी असतीया. मी शब्द दिलाय."

"आणि ती चालवायची कुणी?"

"नको चालवूस. दारात उभी कर."

मी गाडी कडेला घेऊन थांबवली. "म्हणजे? साठवलेलं सगळं घालायचं, वर कर्ज काढायचं, आणि गाडी दारात उभी करायची? फाउंड्रीचं काम जाऊ द्यायचं?"

"त्या माणसानं हिला पाठीवर घेतली, त्रिशला," ते म्हणाले. "मला नसतं जमलं. मी तिथं नुसता बसून हुतो. पाणी वर यायलंय आन् मी बसून हाय. त्यानं उचलली. तू न्हवतीस तिथं. तुला काय ठावं?"

मला खरंच काही ठाऊक नव्हतं. मी तेव्हा पुण्यात एका लॉजच्या खोलीत फोन लावत बसले होते, आणि फोन लागत नव्हता. पण मी एवढंच म्हटलं, "ती गाडी मी घेणार नाही, मामा. तुम्ही घेतलीत तर सही तुमची. माझी नाही."

त्यांच्याशी असं मी पहिल्यांदाच बोलले होते. त्यांनी तोंड काचेकडं फिरवलं.

घरी आत्ती शेंगा फोडत बसल्या होत्या. आमची तोंडं बघून त्यांनी विचारलं आणि मी सगळं सांगितलं. मामा मधे काही बोलले नाहीत. आत्तींनी ऐकून घेतलं, हातातली शेंग फोडली, दाणे परातीत टाकले.

"गाडी खरंच बुडाली हुती?" त्यांनी मला नाही, मामांना विचारलं.

"म्हशीला वैरण टाकायची ऱ्हायलीया," असं म्हणत मामा परड्यात निघून गेले.

आत्ती त्यांच्या पाठीकडं बघत राहिल्या. मग पुन्हा शेंगा फोडायला लागल्या. त्या संध्याकाळी त्या विषयावर आणखी एक शब्द निघाला नाही. मला वाटलं, त्याही मामांच्याच बाजूच्या. का नसाव्यात? जीव त्यांचा वाचला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात माझी गाडी धूत होते, तर गल्लीच्या तोंडातून ती काळी गाडी आत आली. बॉनेटवर झेंडूचा हार. ड्रायव्हर चालवत होता, बापूसाहेब शेजारी. मागून मोटारसायकलींवर त्यांची माणसं. एवढी मोठी गाडी आमच्या गल्लीत कधी शिरली नव्हती. घराघरांतून बायका बाहेर आल्या, पारावरची म्हातारी माणसं उठून आली.

बापूसाहेब उतरले. एका हातात नारळ, दुसऱ्यात किल्ली. त्यांनी पांढरे स्वच्छ कपडे घातले होते आणि चेहरा प्रसन्न होता. काल काही घडलंच नव्हतं असा.

"तात्या!" त्यांनी मामांना हाक मारली. गावात मामांना तात्या म्हणत. "काल सूनबाईंचा जरा गैरसमज झाला. मी मनात ठेवत नाही. पैशाचं मागनं बघू. गाडी आजपासून तुमच्या दारात. घ्या, नारळ फोडा."

डाव माझ्या लक्षात आला. सगळ्या गल्लीसमोर नारळ फुटला की संपलं. मग मी गाडी परत केली तर कृतघ्न, ठेवली तर गप्प. मी हातातला पाइप टाकला आणि पुढं झाले. पण माझ्या आधी आत्ती उंबऱ्याबाहेर आल्या होत्या.

त्या गुडघा धरत, एकेक पायरी उतरत अंगणात आल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला. बापूसाहेबांसमोर जाऊन त्यांनी वाकून नमस्कार केला. गल्लीत कुजबूज झाली. बापूसाहेबांनी "अहो, असू द्या, असू द्या," म्हणून हात जोडले.

"तुमी मला पाठीवर घेतलं," आत्ती म्हणाल्या. "ते मी मरंपातूर इसरणार न्हाई. रोज देवाफुडं तुमचं नाव घेतीया मी. खरं का खोटं?"

"खरं, खरं."

"पर त्यापायी माझ्या सुनंनं बुडलेली गाडी चालवावी असं तुमचं म्हणणं असंल, तर मला परत गच्चीवर न्हेऊन सोडा."

बापूसाहेबांना कळलं नाही. "काय?"

"जिथनं उचलली, तिथं न्हेऊन ठेवा मला. ती बगा गच्ची." आत्तींनी शेजारच्या घराकडं हात केला. "एक ल्योक गेलाय माझा. ही पोर हाय. हिच्या जिवावर मला माझा जीव नको."

बापूसाहेबांच्या मानेवर लाली चढत गेली. पण ते कच्चे नव्हते. त्यांनी मान वळवली आणि मामांकडं बघितलं, आणि त्या बघण्यात खात्री होती. मला तेव्हा त्या खात्रीचं नवल वाटलं.

"बायकांचं राहू द्या," ते म्हणाले. "तात्या, तुम्ही पुरुष माणूस. गावात तुमच्या शब्दाला किंमत आहे. तुम्हीच सांगा या लोकांना. माझी गाडी पुरात होती?"

मामा दारात उभे होते. धोतराचा सोगा हातात घट्ट धरलेला. मला वाटलं, आता ते नारळ घेतील. मी डोळे मिटून घेतले होते, हे आठवतं.

"हुती," मामा म्हणाले.

मी डोळे उघडले.

"हुती की, बापूसाहेब. तुमच्या बंगल्याच्या शेडातच हुती. निम्मी काच गाळात हुती. पाणी उतरल्यावर मी आलो न्हवतो का? तुमच्या भट्टीवरची माणसं आन् मी. दोर लावून वडली आमी. पाट्यांनी चिखल काढला. ह्या हातांनी धुतली मी ती गाडी."

बापूसाहेबांच्या हातातला नारळ खाली आला होता.

"तुमी म्हणालासा, कुणाफुडं बोलू नका तात्या. न्हाई बोललो. हिला," त्यांनी माझ्याकडं बोट केलं, "हिलाबी न्हाई बोललो. काल हिनं माती काढून दावली, तवाबी न्हाई बोललो. मला वाटलं, गाडी दारात उभी करू, तुमचं उपकार फेडू आन् गप बसू. पर ही म्हातारी म्हणती ते खरं हाय. ते उपकार असं फिटत न्हाईत. फिटत असतील तर ते उपकारच न्हवते."

कालपासूनचं सगळं माझ्या ध्यानात आलं. 'पुरे आता' म्हणणारा आवाज, चपलांवर खिळलेली नजर, 'दारात उभी कर.' राग यायला हवा होता. तो आला, पण नंतर, कितीतरी दिवसांनी. त्या क्षणी मला फक्त दिसत होतं की ज्या माणसाला गावात मान खाली घालून राहायची सवय होती, तो मान वर करून उभा आहे.

बापूसाहेबांनी किल्ली ड्रायव्हरकडं फेकली. गाडीचं दार उघडता उघडता ते वळले.

"ठीक आहे. पुन्हा पाणी येईलच. तेव्हा बघू, कोण येतं ते."

बोलून गेल्यावर, आपण हे बोलायला नको होतं, असं त्यांनाही वाटलं असावं. त्यांचा चेहरा तसा झाला. पण बोलून झालं होतं आणि सगळ्या गल्लीनं ऐकलं होतं. ज्यांना ज्यांना त्या होडीनं वाचवलं होतं, त्यातली निम्मी माणसं तिथं उभी होती. पुढं झालेला एक म्हातारा मागं सरकला.

आत्तींनी मात्र तिथल्या तिथं उत्तर दिलं. "नका येऊ. पवायला शिकीन मी."

कुणीतरी हसलं. मग आणखी कुणीतरी. बापूसाहेबांची गाडी गल्लीतून उलटी काढता काढता ड्रायव्हरला घाम फुटला. हारातली फुलं आमच्या अंगणापर्यंत सांडली.

पुढं जे व्हायचं ते झालं. दसऱ्यापर्यंत मला दुसरी गाडी मिळाली नाही आणि फाउंड्रीचं काम कोल्हापूरच्या एका ट्रॅव्हल्सवाल्याला गेलं. गावातल्या लग्नांची भाडी बंद झाली. बापूसाहेबांच्या पंपावर माझ्या गाडीत डिझेल भरायला कुणी पुढं येईना, म्हणून मी सांगलीहून भरून यायला लागले. मामांना देवळाच्या कमिटीच्या बैठकीचं बोलावणं येईनासं झालं. ते न बोलावता जायचे. मागं बसायचे, पण जायचे. काळी गाडी घ्यायला इचलकरंजीचे एक डॉक्टर आले, तेव्हा कुणीतरी त्यांना माझा नंबर दिला. मी त्यांना सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघायला सांगितलं. ते परत गेले. नंतर ती गाडी कुठं गेली ते मला कळलं नाही. दुसऱ्या वर्षी मी नाशिकहून एक जुनी मोठी गाडी आणली. ती तपासताना मालक इतका वैतागला की शेवटी त्यानं मला आत बोलावून जेवायलाच वाढलं. तीच गाडी घेऊन मी फाउंड्रीच्या मॅनेजर बाईंकडं पुन्हा गेले, आणि मग बरीच वर्षं त्यांचे पाहुणे आणत राहिले.

मामांशी मी काही आठवडे तुटक वागले. धुतली ती गाडी यांनी आणि मला तिच्यात बसवायला निघाले होते, हे मनातून जाईना. त्यांनी माफी मागितली नाही, मीही मागायला लावली नाही. एकदा मिरजेच्या दवाखान्याबाहेर भाडं मिळेना, तेव्हा त्यांनी फडकं सोडून भाकरी मोडली आणि मोठा तुकडा माझ्याकडं केला. मी तो घेतला.

पण मला सांगायचं होतं ते त्यानंतर आलेल्या उन्हाळ्यातलं.

चैत्र सरला तशा आत्ती एका सकाळी लुगडं खोचून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "चल मळ्यातल्या हिरीवर. दोर घे."

मला वाटलं, त्या दिवशी रागात बोलल्या, विसरल्या असतील. त्या विसरल्या नव्हत्या. मामांनी डोक्याला हात लावला, पण तेलाचा रिकामा प्लॅस्टिकचा डबा शोधून आणला तो त्यांनीच. विहिरीच्या पायऱ्यांवर बसून आम्ही तो आत्तींच्या पाठीला बांधला. कंबरेला दोर. साठी उलटलेली बाई, एक गुडघा कामातून गेलेला, जन्मात कधी पाण्यात न उतरलेली. पहिल्या दिवशी त्या गुडघाभर पाण्यात उभ्या राहून नुसत्या थरथरल्या आणि घरी आल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या. हळूहळू गल्लीतल्या बायका बघायला यायला लागल्या, मग बघणाऱ्यांतल्या काही जणी लुगडी खोचून खाली उतरायला लागल्या. विहिरीच्या काठावरून जाणारे पुरुष खाकरून पुढं जायचे.

एका सकाळी आत्तींनी डबा सोडवायला लावला. फक्त दोर राहिला. त्या पायरीपासून पुढं सरकल्या, हातपाय मारत मधोमध गेल्या. पाण्याचा केवढा तरी आवाज होत होता.

"दोर सोड," त्या ओरडल्या.

"आत्ती, अजून नको."

"सोड म्हणते न्हवं!"

मी मामांकडं बघितलं. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते. त्यांनी होकारार्थी मान हलवली.

मी दोर सोडला. आत्ती खाली गेल्या. डोकं दिसेनासं झालं, फक्त बुडबुडे आले, आणि मामा धोतरासकट एक पायरी खाली उतरले. तेवढ्यात त्या वर आल्या. केस तोंडावर चिकटलेले, नाकातोंडातून पाणी, खोकत, शिव्या देत, दोन्ही हातांनी पाणी बडवत त्या पायऱ्यांच्या दिशेनं यायला लागल्या. मामांनी हात पुढं केला.

"हात नको!" त्या म्हणाल्या. "सरका तिकडं."

मामा सरकले. आत्तींनी पायरी धरली.